शांताबाई झटकायच्या तो शर्ट

मित्रांनो, छातीच्या आजारानं शांताबाई गेल्याचं दवाखान्यातून कळलं, तेव्हा मी दोरीवर ओलाच लटकत होतो. मी एक जुना खाकी शर्ट आहे. त्या सकाळी माझ्या मालकांनी, म्हणजे शांताबाईंच्या नवऱ्यानं, गुलाबरावांनी मला पहिल्यांदाच धुतलं होतं. बादलीतलं काळं पाणी बघून ते मोरीत थुंकले होते.

माझं कापड सदर बाजारातलं. सात वर्षं मी गुलाबरावांच्या अंगावर उरला या औद्योगिक वसाहतीतल्या एका लोखंडाच्या कारखान्यात गेलो. माझ्याआधीही असे शर्ट झाले. घरी नळाला पाणी कमी, म्हणून शांताबाई मला आधी दारात जोरात झटकायच्या आणि मगच भिजवायच्या. सगळी धूळ त्यांच्या तोंडावर उडायची. त्या खोकायच्या. मी स्वच्छ दिसे, आणि कारखान्यात शाबासकी गुलाबरावांना मिळे. आता मला त्या शाबासकीची किळस येते.

परवा त्यांची पुतणी रुचिता आली. ती नर्सिंग शिकते. पाऱ्यातल्या, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातल्या खोकल्याच्या आजारावर तिला अभ्यास करायचा आहे. घरोघरी विचारायचे प्रश्न तिनं आधी इथंच वाचून पाहिले.

"मोठेबाबा, मोठी आई बिडी ओढत होती का?"

"तुह्या मोठ्या आईनं कधी पान तरी खाल्लं का, पोट्टे?"

"अन् काम? 'गृहिणी' लिहून राहिली मी. म्हणजे मंग धुळीचे प्रश्न सोडून द्यायचे."

"काहून?"

"कॉलेजच्या सरनं तसंच सांगितलं. धूळ फक्त कामगाराले विचारायची."

"थू त्या कागदावर!" गुलाबरावांनी मला कारखान्याच्या धुळीसकट खिळ्यावरून ओढलं. "धूळ मी आणली, खाल्ली तिनं. अन् तिले विचारायचंच नाही? घे, झटक याले."

रुचितानं मला एकदाच झटकलं आणि ती खोकत अंगणात पळाली. परत आली ती डोळे पुसतच. तिनं कागदावर नवा प्रश्न लिहिला: 'घरात कारखान्याचे कपडे कोण झटकतं?'

"हव," गुलाबराव म्हणाले. "हे विचार. पहिलं घर आपलं लिही."

मित्रांनो, कारखान्यातून आलेले कपडे कोरडे झटकू नका. आधी भिजवा. आणि ते धुणाऱ्या बाईला विचारा, तुला खोकला येतो का.

काल सरांनी तो प्रश्न विषयाबाहेरचा म्हणून खोडला. दीडशे फॉर्म त्याच्याविना छापून आले. रुचिता म्हणते, आता हातानं लिहू. अजून एकाही फॉर्मवर तो लिहिलेला नाही.