रिसाल्याच्या मैदानावरचा रूळ

मित्रांनो, मी एक जुना दगडी रूळ आहे. शाळा सुटली की तुमच्यापैकी काही जण माझ्या पाठीवर बसून बोरं खाता आणि बिया माझ्या पाठीवरच्या खळग्यात टाकून घरी जाता. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. दगडाला बियांचं ओझं होत नाही. पण तो खळगा कसा पडला आणि मी इथं या कोपऱ्यात वर्षानुवर्षं तिरका का पडून आहे, हे तुम्हाला कुणी सांगितलेलं दिसत नाही. मोठी माणसं सांगणारही नाहीत, म्हणून मीच सांगतो.

माझा जन्म धर्मापुरीकडच्या एका खाणीत झाला. मला घडवणारा पाथरवट छिन्नी चालवता चालवता माझ्याशी बोलायचा. "लेका, देऊळ बांधत होते तवा निघाला असतास तर खांब झाला असतास. लोकांनी हळद-फुलं वाहिली असती. आता निजामसरकारचा रूळ हो." मी झालो. कमरेतून लोखंडी दांडा घातला, भोवती लाकडी चौकट बसवली आणि बैलगाड्या बदलत बदलत मला या माळावर आणून टाकलं.

त्या काळी इथं रिसाला होता. रिसाला म्हणजे घोडेस्वारांची पलटण. आज जिथं बाभळी आहेत तिथं घोड्यांच्या पागा होत्या आणि मधोमध हे कवायतीचं मैदान. रोज सकाळी खेचरांची जोडी मला मैदानभर ओढायची. घोड्याचा खूर कुठं अडखळू नये, एवढंच माझं काम. रिसालदारसाहेब कधी खूश झाले तर म्हणायचे, "वा! मैदान है के आईना!" मी फुगून जायचो. खरं सांगतो, त्या वयात जमीन सपाट करण्यापलीकडे जगात काही मोठं काम असेल, असं मला वाटत नव्हतं.

घोड्यांना गवत कापून आणणारा एक घसियारा होता, कचरू नावाचा. पागेतली लीद गोळा करून मैदानाच्या मावळतीच्या कोपऱ्यात टाकायची, हेही त्याच्याच अंगावर. त्या कोपऱ्याला सगळे नाक धरून बगल द्यायचे.

मग एके दिवशी निजामाचं राज्य गेलं आणि रिसालाही गेला. घोडे गेले, स्वार गेले. पागांचे वासे, दारं, फरश्या गावातल्या मोठ्या घरांनी रातोरात आपल्याशा केल्या. मला कुणी नेलं नाही; मी जड होतो. आणि लिदीच्या कोपऱ्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. कचरूनं पाहिलं. इतक्या वर्षांची कुजलेली लीद, हात घातला तर कोपरापर्यंत भुसभुशीत माती. त्यानं आणि त्याच्या वस्तीतल्या चार घरांनी तो कोपरा वाटून घेऊन ज्वारी पेरली. ज्वारी माणसाच्या डोक्यावर गेली. त्याबरोबर गावाला आठवलं, की अरे, ही तर सरकारी जागा!

पुढं छप्पन साली कचरू बौद्ध झाला. घरात बाबासाहेबांची तसबीर लागली आणि मेलेली जनावरं ओढायचं काम त्यानं सोडून दिलं. गावानं त्याचं दुकान-दळण बंद केलं. त्या वर्षी याच कोपऱ्यानं त्याची चूल पेटती ठेवली. तो म्हातारा कुणापुढं वाकला नाही, तो या मातीच्या जोरावर. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

कचरूच्या मुलाचं नाव धोंडीराम. त्याची बायको मनकर्णा. लग्न होऊन आली तेव्हा लहानखुरी होती, पण हात भारी चलाख. विळा बोथट झाला की ती माझ्याकडे यायची आणि माझ्या पाठीवर त्याला धार लावायची. वर्षानुवर्षं एकाच जागी. तोच तो खळगा, ज्यात तुम्ही बोराच्या बिया टाकता.

आता बहात्तरच्या दुष्काळाचं सांगतो. विहिरींचे तळ दिसले. बैल विकून झाले. गावातली धडधाकट माणसं सरकारी कामावर खडी फोडायला जाऊ लागली. संध्याकाळी हजेरी लागायची आणि पोरांना सुकडी, म्हणजे भाजलेलं गोड पीठ, मिळायची. साऱ्या शिवारात एका जागी तेवढं हिरवं होतं, लिदीच्या कोपऱ्यात. बाकी लोकांनी पेरली होती तिथं ज्वारी जळाली, पण त्या मातीनं ओल धरून ठेवली होती. आणि नेमक्या त्याच वर्षी गावाला सहकाराची स्वप्नं पडली.

सर्जेराव म्हणाले, या मैदानावर सहकारी साखर कारखाना काढू. सर्जेराव म्हणजे गावचे मोठे जमीनदार आणि पुढारी. कुणीतरी विचारलं, "दादा, प्यायला पाणी न्हाई, ऊस कुठून आणायचा?" दादा म्हणाले, "आधी कारखाना आला की मागं धरण येतं, धरण आलं की ऊस येतो." लोकांनी माना डोलावल्या. पोट रिकामं असलं की मान लवकर डोलते. दुसऱ्या गटाचे सुंदरराव म्हणाले, कारखाना नको, सूतगिरणी काढू. दोघांचं कशावरही पटत नव्हतं. एका गोष्टीवर मात्र पटत होतं: जागा हीच, सपाट आणि रस्त्यालगतची. पण जागा सरकारकडून मिळवायची तर ती मोकळी दिसायला हवी होती, आणि कोपऱ्यात ज्वारी उभी होती.

सुंदरराव एकदा स्वतः मनकर्णाकडे आले. माझ्यावर उपरणं झटकून बसले. "मनकर्णाबाई, तुमी हालू नका. कवाचं कसताय तुमी. आमी पाठीशी हाय." तिनं त्यांना हातपंपाचं पाणी दिलं. ते त्यांनी हातात धरलं, ओठांना लावलं नाही, आणि जाताना हळूच माझ्यावर ठेवून गेले. मनकर्णानं तांब्या उचलला, आतलं पाणी पाहिलं आणि ज्वारीच्या बुडाशी ओतलं.

मग खबर आली. मंत्री येणार, दुष्काळाची पाहणी करणार आणि जाता जाता कारखान्याचा नारळ फोडणार. हेलिकॉप्टर उतरायला मैदान सपाट पाहिजे. सगळं मैदान, कोपऱ्यासकट.

त्या सकाळी मुकादम रामकिसननं खडी फोडणाऱ्यांना इकडंच आणलं. बैल नव्हते, खेचरं तर कधीच गेली होती. माझ्या चौकटीला दोर बांधले आणि माणसं जुंपली. त्यात धोंडीराम होता. सर्जेराव स्वतः त्याच्याजवळ गेले आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "धोंडीराम, कारखान्यातल्या नोकरीत पयलं नाव तुजं." त्या माणसाला जन्मभर सगळा गाव धोंड्या म्हणत आला होता. पुढाऱ्याच्या तोंडून आपलं पुरं नाव ऐकलं आणि त्याचे डोळे भरून आले. त्यानं दोर धरला. मी त्याला कधी दोष दिला नाही. तुम्हीही देऊ नका.

मी हललो. खडबडीत मैदान माझ्याखाली दबत गेलं. दुपार व्हायच्या आत आम्ही कोपऱ्याच्या काठाशी आलो आणि पाहतो तर ज्वारीच्या पुढ्यात मनकर्णा मांडी घालून बसलेली. मागं कणसं डुलत होती. ती अजून हिरवीच होती, हुरड्यात यायच्या बेतात.

"कावून थांबले बे?" रामकिसन ओरडला.

सर्जेराव पुढं आले. मनकर्णा उठली नाही, पण पदर सावरून बोलली. "दादा, मी जागा सोडत न्हाई असं बी म्हनत न्हाई. तो इचार मागून करू. आज एवढंच म्हनते, कणसं भरूस्तोर थांबा. लई दिस लागत न्हाईत. लेकरं खातील."

"मंत्र्याची तारीख तुज्या कणसावर ठरत न्हाई, बाई."

"मग मी बी उठत न्हाई."

मित्रांनो, मी दगड आहे, पण त्या वेळी मला वाटलं की आपण जिंकलो. दोर धरलेली माणसं जागच्या जागी उभी होती. कुणीही ओढत नव्हतं. धोंडीरामनं तर दोर खाली टाकला होता. मग रामकिसन म्हणाला, "ही बसून ऱ्हायली तर आज कुणाचीच हजेरी न्हाई. सुकडी बी न्हाई. घरी जा समदे."

दगडाबाईचं कडेवरचं पोर किरकिरलं. दगडाबाई वस्तीतलीच, मनकर्णाच्या शेजारची. दोन्ही हातांत दोर, कडेला फडक्यानं बांधलेलं पोर. ती मनकर्णाकडे पाहत नव्हती, जमिनीकडे पाहत होती. मनकर्णानं तिच्याकडे पाहिलं, पोराकडे पाहिलं, मग एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. आणि ती उठली.

पण ती बाजूला झाली नाही. तिनं पदर खोचला, धोंडीरामनं टाकलेला दोर उचलला आणि खांद्यावर घेतला.

दगडाबाई कळवळली. "अगं, तू नको गं. आमी करतो."

"लोकाच्या हातानं कावून?" मनकर्णा म्हणाली. "माजं हाय. मीच वढते."

आणि तिनं ओढलं. रिसालदारसाहेबांनी मला शाबासकी दिली होती, ती त्या दिवशी माझ्यापासून गळून पडली. माझ्याखाली ताटं मोडत होती आणि कच्च्या दाण्यांचा पांढरा चीक माझ्या अंगाला लागत होता. शेवटच्या टोकाला, मऊ मातीत माझं एक अंग रुतलं. मनकर्णानं दोर सोडला. मला परत न्यायला कुणी आलं नाही. म्हणून मी इथं तिरका आहे.

हेलिकॉप्टर आलं. पांढऱ्या फक्कीनं आखलेल्या गोलात उतरलं. लेकरांनी टाळ्या वाजवल्या, डोळ्यांत धूळ गेली. मंत्र्यांनी नारळ फोडला. मंचावर सर्जेराव होते आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर, हार घालून, सुंदरराव. कारखान्याचे नियोजित उपाध्यक्ष म्हणून त्यांचं नाव पुकारलं गेलं. मनकर्णा गर्दीत नव्हती. ती इथं, माझ्यामागं बसून, मातीत दबलेली कणसं वेचत होती. कच्ची कणसं कुणाच्या कामाची नसतात. तरी ती वेचत होती.

कारखाना झाला नाही. पाटी मात्र झाली, 'नियोजित सहकारी साखर कारखाना'. तार ओढली, पुढं ती तारही कुणीतरी नेली. पहिल्या नावाचा नोकर धोंडीराम दरवर्षी दसरा झाला की कोयता घेऊन दुसऱ्यांच्या कारखान्यांचा ऊस तोडायला जाऊ लागला. जाताना पाटीकडे बघून जायचा. "परतून येतो तवर बांधत्याल," असं तो कितीतरी वर्षं म्हणत होता. एका वर्षी तो परतून आलाच नाही. उसाच्या फडातच गेला. मनकर्णा त्या दिवशी माझ्या पाठीवर बसून मोठ्यानं रडली. त्या आधी आणि त्या नंतर मी तिला रडताना ऐकलं नाही.

मग तिनं कोपरा पुन्हा भुसभुशीत केला. मीच दाबलेली माती ती टिकावानं उकरत होती आणि मी नुसता बघत होतो. माझ्या अवतीभवती तिनं ज्वारी पेरली. तेव्हापासून दरवर्षी पेरते आहे. पाऊस झाला तर पिकते, नाही तर कडबा होतो.

आता नवा फ्लेक्स लागला आहे, तुम्ही पाहिलाच असेल. या मैदानावर औद्योगिक वसाहत होणार. फ्लेक्सवर सर्जेरावांचे चिरंजीव आबासाहेब हात जोडून उभे आहेत. ग्रामसभेत कुणी काही विचारायच्या आत 'मंजूर, मंजूर' झालं. आबासाहेब परवा इथं येऊन माझ्या पाठीवर थाप मारून गेले. "हा रूळ आपली पुरातन ठेव हाय. ह्याला रंग द्या आणि गेटजवळ चबुतऱ्यावर बसवा, दादांच्या पुतळ्याशेजारी." आयुष्यभराच्या उपेक्षेनंतर मिळालेला हा मान. मला तो घेववत नाही.

मनकर्णाची मुलगी गीता सिरसाळ्याच्या दवाखान्यात नर्स आहे. कोपरा आईच्या नावावर व्हावा म्हणून तिनं अर्ज केला आहे, साहेबलोक जागेवर पाहणीला येणार आहेत. ती आईला सांगत होती, "आई, ते आले तेव्हा पीक उभं दिसलं पाहिजे. नुसतं आपण उभं राहून भागत नाही." म्हातारी म्हणाली, "मला नको शिकवू. मी पयलंच पेरलंय."

पण पाहणीची तारीख पुढं गेली आहे आणि जमीन सपाट करणारं यंत्र आधीच आलं आहे. कालपासून ते मैदानाच्या त्या टोकाला उभं आहे, पिवळं, कोरं करकरीत. आज मनकर्णा काठी टेकत त्याच्याकडे गेली, त्याच्याभोवती फिरली आणि चालवणाऱ्या पोराला काहीतरी बोलून परत आली. तो कानात वायर घालून बसला होता. त्यानं ऐकलं की नाही, मला सांगता येणार नाही.

मित्रांनो, म्हाताऱ्या वस्तू गोष्टीच्या शेवटी स्वतःसाठी काहीतरी मागतात. कुणी छप्पर मागतं, कुणी मायेचा हात. मला रंग नको, चबुतरा नको. बोराच्या बिया खुशाल टाका. माझी भीती वेगळी आहे. मला ओढायला माणसं लागायची, म्हणून मी निदान एकदा तरी थांबलो होतो. त्या यंत्राला माणसं लागत नाहीत. त्याच्यापुढं दोर टाकून कोण उभं राहणार?

तुमच्यापैकी कुणाचे वडील असं यंत्र चालवत असतील, कुणाचे काका पंचायतीत असतील. आज घरी गेलात की त्यांना सांगा, रिसाल्याच्या कोपऱ्यात एका म्हातारीची ज्वारी चिकात आली आहे. ती जागेचं आज काही बोलत नाही. तिचं तेव्हाही एवढंच म्हणणं होतं आणि आजही एवढंच आहे: कणसं भरेपर्यंत थांबा.