नालोंगोचा नवा गुडघा

तेओपिस्ताला नावाने हाक मारणारं युगांडातल्या मसाका गावात आता फारसं कुणी उरलं नव्हतं. जुळ्यांची आई, म्हणून लहानथोर तिला नालोंगोच म्हणत. तिची पांढरी टोयोटा साऱ्या वस्तीला ठाऊक. लग्नाची वरात असो की बाळंतपण, नालोंगो गाडी काढणार. पण शनिवारी कुणी गाडी मागत नसे. शनिवार मरियामातेचा आणि फेदेरेसी आत्याचा.

नवरा गेला त्या वर्षी तिने हा नेम धरला होता. शनिवारी सकाळी पोटात काही घालायचं नाही. केळीच्या पानात हिरव्या केळ्यांचा मतोके वाफवायचा, शेंगदाण्याचं कालवण करायचं, जपमाळ गाडीच्या आरशाला अडकवायची आणि क्योटेरा गावाच्या पुढे आत्याकडे जायचं. तिथे दोघी एका चटईवर बसून जेवल्या की उपास सुटला. आत्या नव्वदीला टेकलेली. वडिलांच्या पिढीतलं तेवढंच माणूस देवाने मागे ठेवलं होतं.

मग उजव्या गुडघ्याने दावा मांडला. कंपालाच्या मोठ्या इस्पितळात तो बदलावा लागला. नवा गुडघा देवाच्या दयेने लवकर रुळला. काठी सुटली, पायऱ्या जमू लागल्या. तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी तिला ब्रेक मारल्यासारखा पाय जोराने रेटायला लावला, गुंगीच्या गोळ्या बंद झाल्याची खात्री केली आणि म्हणाले, गाडी चालवायला हरकत नाही, आधी मोकळ्या मैदानावर सराव करा. फक्त गुडघे टेकू नका.

थोरला लेक पोन्सियानो शेजारीच बसला होता. त्याने एवढंच धरलं, की आईला गुडघे टेकता येत नाहीत. गाडीची किल्ली त्याने आपल्या जुडग्यात अडकवली होती, ती तिथेच राहिली.

"ज्या बाईला गुडघे टेकून धड नमस्कार करता येत नाही, तिचा गुडघा बरा कसा म्हणायचा?" तो म्हणाला. "ज्या दिवशी टेकून, आपली आपण उठशील, त्या दिवशी किल्ली तुझी."

बोलण्यात वाकडेपणा नव्हता, भीती होती. आणि त्या मुलखात हे कुणालाही पटलंच असतं. वडीलधाऱ्यासमोर बाई गुडघे टेकते, तशीच ती मोठी होते. नालोंगोलाही मनातून ते थोडं पटलं होतं. तीच तर पंचाईत.

दर शनिवारी पोन्सियानो मोटरसायकलवाल्याबरोबर आत्याकडे जेवण पाठवी. टोपली अर्धी भरलेलीच परत येई. आत्याचा निरोप असे, की जेवण पोचलं, पण गार होतं, आणि सोबत जेवायला कुणी नव्हतं. ते ऐकून नालोंगो आपलं ताट तसंच बाजूला सारी. आत्याचे किती शनिवार उरलेत, ते देवालाच ठाऊक.

शेवटी एका दुपारी घरात कुणी नाहीसं पाहून तिने ओसरीवर चटई टाकली, वर दोन उशा ठेवल्या, स्टूल धरलं आणि मरियामातेचं नाव घेऊन खाली गेली. खाली जाणं जमलं. उठताना स्टूल सरकलं आणि घरंगळत पायरीवरून अंगणात गेलं.

नेमके त्याच वेळी शेजारचे काटेंडेदादा फाटकातून आत आले. जन्मभर बस चालवून निवृत्त झालेले, अतिशय रीतीचे गृहस्थ. नालोंगो आपल्यासाठी गुडघे टेकून बसलेली पाहून त्यांना भरून आलं. आजारातून उठलेली बाई, आणि एवढा मान! त्यांनी टोपी काढली आणि विचारपूस सुरू केली. दिवस कसा गेला? पोरंबाळं कशी आहेत? कष्ट केलेत, धन्य आहात. नालोंगो रीतीप्रमाणे उत्तरं देत राहिली. बाई उठली नाही, म्हणजे तिचं विचारणं संपलं नाही, असं समजून ते पुढे गेले. केळी कशी आहेत? गाय? क्योटेराची आत्या? बहिणीची सून? विचारायला माणसं उरली नाहीत, तेव्हा ते पावसापाण्यावर आले.

"दादा," नालोंगो हळूच म्हणाली, "माझं विचारणं केव्हाच संपलंय. मला उठता येत नाहीये."

त्यांनी तिला काखेत हात घालून उठवलं, आणि मग दोघंही ओसरीवर बसून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. संध्याकाळी गुडघा सुजला. बर्फ लावताना पोन्सियानोने सगळं विचारून घेतलं आणि जुडगं खिशात आणखी खोल सारलं. काटेंडेदादा तिथेच होते.

"बाबा रे," ते म्हणाले, "मी जन्मभर बस चालवली. गुडघे टेकून एकदाही ब्रेक मारला नाही."

पोन्सियानो एवढ्यावर आला, की आईने आधी मैदानावर गाडी थांबवून दाखवावी. सूज उतरल्यावर तिघं शाळेच्या मैदानावर गेली. ठरलं असं, की दादा फुटबॉलच्या गोलखांबाशी उभे राहून रुमाल हलवतील आणि नालोंगो गाडी थांबवेल. पोन्सियानो तिच्या शेजारी बसला, पण त्याने पट्टा लावला नाही. आईचा पाय चुकलाच, तर झेपावून हँडब्रेक ओढता यावा, म्हणून तो सीटच्या कडेवर येऊन बसला होता.

नालोंगोने क्रूसाची खूण केली, गाडी सुरू केली. इतक्या दिवसांनी स्टिअरिंग हाताला लागलं, तसे खांदे आपसूक सैल झाले. गाडी सावकाश गोलखांबाकडे निघाली. दादांनी रुमाल हलवलाच नाही. अजून बरंच अंतर असताना त्यांनी एकाएकी आपली टोपी गाडीपुढे भिरकावली.

पाय कधी गेला, ते नालोंगोला कळलंही नाही. गाडी जागच्या जागी थांबली. टोपीला चाक शिवलंही नाही. पोन्सियानो मात्र सीटवरून घसरून खाली गेला होता, दोन्ही गुडघे टेकून, कपाळ समोरच्या कप्प्याला लावून.

नालोंगोने आधी आपला गुडघा चाचपला. दुखत नव्हता. मग लेकाला लागलं नाही ना, ते पाहिलं. मग ओसरीवरच्या त्याच शांत आवाजात म्हणाली, "दिवस कसा गेला, बाळा? घरी सगळे बरे ना?"

पोन्सियानोला हसू आवरेना. "सगळे बरे आहेत, आई."

"गाय?"

"गायसुद्धा बरी आहे."

तिने गाडी बंद केली. त्याने तसंच अडकलेल्या अवस्थेत गाडीला लटकणारं जुडगं काढून घेतलं, त्यातून किल्ली सोडवली आणि रीतीप्रमाणे दोन्ही हातांनी तिच्या पुढे धरली.

शनिवारी तिने फाटकातच हॉर्न वाजवला. आत्या काठी टेकत दारात आली. नालोंगो दोन्ही पाय एकदम बाहेर काढून सावकाश उतरली आणि टोपली धरून उभीच राहिली. काय करावं कळेना. आयुष्यात ती आत्यासमोर कधी उभी राहिली नव्हती.

"टेकू नकोस," आत्या म्हणाली. "तुला उठवायला मला वाकावं लागेल, आणि मग दोघी रविवारच्या प्रार्थनेपर्यंत इथेच राहू."

आत्याने शेजाऱ्यांकडून खुर्ची आणवून ठेवली होती. नालोंगो खुर्चीवर, आत्या चटईवर, मधे टोपली. पानाची गाठ सोडली तशी वाफ वर आली. आत्याने हात जोडले, दोघींनी प्रार्थना म्हटली. उपास सुटला. टोपलीत काही उरलं नाही.

निघताना आत्या गाडीपर्यंत आली. "जाताना हॉर्न वाजव," ती म्हणाली. "पलीकडच्या घरातल्या नामुगेराला वाटतंय, माझ्याकडे आता कुणी येत नाही."

नालोंगोने वळणापर्यंत हॉर्नवरचा हात काढला नाही.