पहिला बाक

बर्व्यांच्या घरी येशूपेक्षा पणजोबांचं नाव अंमळ जास्तच घेतलं जाई. पणजोबा नारायण पेठेतले भिक्षुक. ख्रिस्ती झाले, घरादाराला मुकले, पण आडनाव आणि ऐट तेवढी सोबत घेऊन निघाले. तेव्हापासून चर्चमधला पहिला बाक बर्व्यांचा. प्रभुभोजनात द्राक्षरसाचा प्याला सगळ्यांना सामाईक असतो; पहिल्या बाकावर बसलं की तो आधी आपल्या ओठांना लागतो, कुणाचा उष्टा नसतो. हे कुणी बोलून दाखवत नसे, ठाऊक मात्र सगळ्यांना होतं.

बर्व्यांची सून कुसुम मिशनच्या वसतिगृहात वाढलेली, आईबापांचा पत्ता नसलेली. तिचा गोरा रंग आणि घारे डोळे पाहून सासूबाईंनी 'कोकणस्थांचीच असणार' असं ठरवून टाकलं आणि लोकांना तसंच सांगितलं. कुसुमने ते खोटं तीस वर्षं निमूट पांघरलं. त्यात ऊब होती, हेही खरं.

मग कुसुमच्या लेकीने, तनयाने, लग्नासाठी आनंद पाटोळेचं नाव काढलं. त्याच चर्चमध्ये पेटी वाजवणारा मुलगा. तनयाचे वडील दिनकरराव चिडले नाहीत. मुलगा सालस आहे म्हणाले, विश्वासात पक्का आहे म्हणाले. फक्त मूळ पाहावं लागतं. पाटोळे गावकुसाबाहेरचे, दुष्काळात पोटासाठी बाटलेले. आपण सत्यासाठी आलो. लग्न केलंस तर आशीर्वादाला मी उभा राहणार नाही, एवढं लेकीला सांगून ते चष्मा पुसू लागले.

तनया रडत आत गेली. कुसुमने विचारलं, "आणि माझं मूळ?"

"तुझं कोण विचारतंय? आम्ही तुला बर्वे करून घेतलं ना."

तीस वर्षांचं पांघरूण एका वाक्यात ओढून घेतलं गेलं. कुसुमला मनस्वी संताप आला, नवऱ्याचा आणि त्याहून जास्त स्वतःचा.

पुढच्या प्रभुभोजनाला ती पहिला बाक ओलांडून थेट शेवटच्या बाकावर गेली, आनंदच्या आईशेजारी. एस्तेरबाई बिचाऱ्या गडबडल्या, तुम्ही आधी जा म्हणू लागल्या. कुसुमने ऐकलं नाही. एस्तेरबाईंनी घेतल्यावर त्याच प्याल्याला तिने ओठ लावले. सारं चर्च पाहत होतं, दिनकररावही. आता तरी हा माणूस विरघळेल, अशी वेडी आशा तिला वाटली.

दिनकररावांनी चर्च समितीत ठराव मांडला: आरोग्याच्या दृष्टीने यापुढे ज्याला त्याला वेगळा छोटा पेला. कोविडात हाच ठराव त्यांनी 'प्रभूने शिष्यांना वेगवेगळे पेले दिले नव्हते' म्हणून हाणून पाडला होता. या वेळी तो एकमताने मंजूर झाला. आनंदचे वडीलही समितीवर होते. त्यांनीही हात वर केला.

लग्न झालं, दिनकररावांवाचून. चर्च गच्च भरलेलं, माणसं भिंतीला टेकून उभी. पहिल्या बाकावर कुसुम एकटीच. तिने शेजारची जागा थोपटून एस्तेरबाईंना बोलावलं.

एस्तेरबाईंनी हात जोडले. "नको विहीणबाई," त्या हळूच म्हणाल्या, "तो बर्व्यांचा बाक आहे."