पंख्याने दगा दिला म्हणे!

मित्रांनो, मी मोटारीच्या रेडिएटरचा एक जुना विजेचा पंखा आहे. सध्या गॅरेजच्या कोपऱ्यात, भंगाराच्या गोणीत पडून आहे. माझ्यावर एक आळ आहे, म्हणून ही हकिगत सांगतो.

सात पाती, एक मोटर आणि दोन वायरी, एवढाच माझा संसार. रेडिएटरच्या मागे, इंजिनाच्या बाजूला राहायचे आणि जाळीतून गार हवा आत ओढायची, यासाठीच माझी पाती घडवलेली. गाडी धावू लागली की समोरचा वारा आपणहून आत येई आणि माझे काम हलके होई. गर्दीत अडकली की मात्र सारी भिस्त माझ्यावर.

मावशींच्या टॅक्सीत मी नऊ वर्षे काढली. सगळा रस्ता त्यांना मावशीच म्हणे. आठवड्यातून तीनदा त्या थोरल्या बहिणीला डायलिसिसला नेत. उन्हात, चढावर, खोळंब्यात मी इंजिनाचे पाणी कधी उकळू दिले नाही. मेस्त्री बॉनेट उघडून मला थोपटायचा. "मावशी, असला पंखा आता शोधून मिळायचा नाही." मी नुसता फुलून जायचो.

मग इंजिन थकले. मेस्त्रीने दुसरे, चांगले थोराड इंजिन बसवले. त्याची पट्ट्याची पुली थेट माझ्या जागेवर आली.

वायरमन वाकून म्हणाला, "मेस्त्री, चार बोटं डावीकडे सरकवला तर मागेच बसतोय. फक्त आधाराला नवी पट्टी कापावी लागेल."

"अर्धा दिवस जाईल त्यात. पुढे लाव."

"पुढे? मग पाती उलटी बसवा, वायरी अदलाबदल करा. नाहीतर हवा आत यायच्या ऐवजी बाहेर जाईल."

"तू मला शिकवू नकोस."

मला आवळायचे पाय माझ्या एकाच बाजूला. ते जाळीला टेकावेत म्हणून मेस्त्रीने मला उलटे वळवले आणि रेडिएटरच्या पुढे आवळून टाकले. बाकी सगळे होते तसेच ठेवले. कळ दाबताच मी फिरलो. "फिरतोय ना गरागरा? झालं तर!" तो म्हणाला. मित्रांनो, त्याला सगळे ठाऊक होते.

तिसऱ्या दिवशी थोरल्या बहिणीला डायलिसिसला नेताना पुलाच्या चढावर गाड्या तुंबल्या. मी जीव तोडून फिरत होतो. पण इंजिनाचीच गरम हवा जाळीतून ओढून रस्त्यावर फेकत होतो. काटा लाल रेघेवर गेला. बॉनेटखालून भसाभसा वाफ निघाली.

"ताई, घाबरू नकोस हं," मावशी म्हणाल्या. आणि त्या शेजारच्या गाड्यांना हात करू लागल्या.

एका अनोळखी गाडीवाल्याने ताईंना नेले. पोचायला दीड तास उशीर झाला. त्यांना धाप लागली आणि दोन दिवस दवाखान्यात ठेवावे लागले.

गाडी ओढून गॅरेजमध्ये आणली. "मेस्त्री, असं कसं झालं हो?" मावशींनी विचारले.

मेस्त्रीने माझ्याकडे पाहिले. मला वाटले, आता हा खरे बोलेल.

"पंखा म्हातारा झालाय, मावशी. दगा दिला त्यानं."

वायरमन हातातले स्क्रू मोजत राहिला.

मावशी माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. "नऊ वर्षं साथ दिलीस," त्या म्हणाल्या, "आणि नेमकी ताई गाडीत असताना?"

त्या गेल्यावर मेस्त्रीने नवा पंखा काढला. पट्टी कापली, चार बोटे डावीकडे सरकवली आणि तो रेडिएटरच्या मागे बसवला. या वेळी त्याला अर्धा दिवस सापडला.

वायरमनने माझ्या वायरी बॅटरीला टेकवल्या. मी भर्रकन फिरलो. "ठणठणीत आहे की हो हा!"

"हळू बोल," मेस्त्री म्हणाला आणि त्याने मला गोणीत टाकले.

मित्रांनो, मला बाहेर काढा असे मी म्हणत नाही. पण कुणी कामात कमी पडला असे कानावर आले, तर त्याला कुठे आणि कसे उभे केले होते, तेवढे आधी विचारा. आणि मावशी कधी भेटल्याच, तर त्यांना सांगा, त्या पुलावर मी थांबलो नव्हतो.