दगडावरची पुडी

काठीचा पहिला फटका धुरपताबाईच्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. तरी दुसरा मारलाच. खांद्यावर.

"काय चारलं तू माह्या बायकोले? रक्तात पडून हाय थे!"

बाई पळाली नाही. उखळ कलंडलं, कुटलेली साल सांडली.

"पयले तिले दवाखान्यात ने, अंकुश. मंग ये माराले. मी इथीच हाओ."

दीपिका तीन दिवसांपासून कुर्म्यात होती. आमच्याकडे पाळी आली की बाई गावाबाहेरच्या त्या झोपडीत राहते. आत कोणी जात नाही. जेवण, पाणी, औषध बाहेरच्या दगडावर ठेवायचं आणि मागं फिरायचं. अंगावरून जास्त जात होतं म्हणून मी झाडपाल्याचं औषध देणाऱ्या धुरपताबाईकडून सालीची पुडी आणली. गावातल्या सगळ्या बाया तिच्याकडूनच नेतात. "सकाळी एक चिमूट. दुसरं काई नाई," तिनं बजावलं होतं.

आज दुपारी दगडापासून हाक मारली, उत्तर नाही. दारातून रक्तानं माखलेले पाय दिसले. खरं सांगतो, शिवायचं नाही म्हणून मी आत गेलो नाही. काठी घेऊन बाईकडे पळालो.

आता लोंबता हात पोटाशी धरून तीच माझ्यापुढं पळत होती. झोपडीत आधी तीच शिरली.

"पायतं काय? उचल तिले!"

मी उचललं. बाईनं डाव्या हातानं जमिनीवरची कागदं गोळा केली. पळसाच्या पानातली तिची पुडी, एक चमकीचं पाकीट, गोळ्यांची रिकामी पट्टी.

"माही पानाची. हे दोन कोणाचे? डॉक्टरले दाखव."

नंतर कळलं, चूर्णाचं पाकीट आईचं. आठवडी बाजारात कोणी म्हणालं, यानं पाळी मोकळी होते. गोळ्या माझ्या बहिणीच्या, करिश्माच्या, पोटदुखीवरच्या. दोघींनी गुपचूप दगडावर ठेवलं होतं. दीपिकाला वाटलं, सगळं बाईनंच पाठवलं. सगळं खाल्लं.

"अंगावरून एवढं जात असताना हे सगळं एका पोटात?" दवाखान्यात डॉक्टर एवढंच बोलली. दोन बाटल्या रक्त चढलं. वाचली.

घरी येऊन करिश्माच्या थोबाडीत दिली. आईवर हात उगारला. आई हलली नाही.

"आमी चुकलो रे. पन तू तिचं रगत पायलं, आन पळाला कोनाकडे?"

हात खाली आला.

दोन महिन्यांनी बाईकडे गेलो. मनगट वाकडं बसलं होतं. ती उखळापुढं नुसती बसली होती. माझ्या तोंडून माफी निघाली नाही.

"दीपिकाले पुडी पायजे?"

"नाई. डॉक्टर नको म्हणते सध्या."

"बरं हाय. मंग काऊन आला?"

मी मुसळ उचललं. बाई डाव्या हातानं साल उखळात टाकत राहिली. मी कुटू लागलो.

थोड्या वेळानं म्हणाली, "हळू. येवढा जोर नाई लागत याले."