गेर्मानची तारीख

चंदेरी रंगाचा डबा आणि ब्रश पिशवीत कोंबताना क्लावदियाचं तोंड चालूच होतं. ईस्टरनंतर कबरींची कुंपणं रंगवायची म्हणून हा रंग अग्निबाणांच्या तळाच्या या गावात घरोघरी असतो. तिच्या नवऱ्याला, गेर्मानला, मात्र कुंपणच नव्हतं. बाकीच्यांबरोबर त्यालाही एकाच खड्ड्यात निनावी पुरलं होतं.

गेर्मान अग्निबाणात इंधन भरणाऱ्या तुकडीत होता. माणसाला आकाशात पाठवायच्या अग्निबाणाची चाचणी चालली होती आणि तो जागच्या जागी पेटला. दोन दिवसांनी एक अधिकारी घरी कागद घेऊन आला. कागदावर लिहिलं होतं, महामार्गावर ट्रक उलटून मृत्यू. क्लावदियाला तेव्हा तिसरा महिना होता. गावातली जागा, नोकरी, सगळंच तळाचं होतं. तिने सही केली, आणि पुढे पोटच्या पोरीलाही ट्रकचीच गोष्ट सांगितली.

आता एकतीस वर्षांनी सरकारला कंठ फुटला होता. चौकात दगड उभा राहिला, त्यावर त्या आगीत गेलेल्यांची नावं कोरली, आणि त्यात गेर्मान नव्हता. काल ती नगरपालिकेत गेली होती.

"आजी, तुमचे यजमान रस्त्यावरच्या अपघातात गेले," तिथला कारकून व्हालेरी म्हणाला. "ही बघा, खाली तुमचीच सही."

"ती करायला कोणी लावली, ते लिहिलंय का कुठे?"

"ते कागदात नाही हो."

"मग तुझ्या कागदाला चुलीत घाल!" म्हणून ती तडक बाहेर पडली होती.

चौकात बँड वाजत होता. क्लावदिया चार कार्नेशन घेऊन पहिल्या रांगेत घुसली. मेलेल्याला फुलं सम संख्येत न्यायची रीत, एवढं तरी तिने कोणाला विचारून केलं नव्हतं. दगडापाशी मेलेल्यांसाठी ठेवलेला वोडकाचा ग्लास होता, त्यावर काळ्या पावाचा तुकडा. निवृत्त कर्नल आर्सेनी फोमिच छातीभर पदकं लावून भाषण करत होता. कागद घेऊन आलेला अधिकारी हाच.

"आपण कोणालाही विसरलो नाही," कर्नल म्हणाला.

क्लावदियाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ती दोरी ओलांडून दगडापाशी पोचली, गुडघे टेकले आणि डब्याचं झाकण उघडलं.

"आजी, अहो काय करताय! ग्रॅनाइट आहे तो!" व्हालेरी धावत आला.

"हात लावून बघ मला. तुझ्याच टकलाला रंग देईन."

गर्दीत कोणीतरी हसलं. बँड थांबला. पोलिसाने कर्नलकडे पाहिलं, आणि कर्नलने त्याला हाताने थांबवलं. शेवटच्या नावाखाली क्लावदियाने मोठ्या अक्षरांत लिहिलं, गेर्मान ल्याबिन. मग बाकीच्या नावांपुढे तारीख होती म्हणून त्याच्याही नावापुढे लिहिली आणि उठली.

"क्लावदिया येर्मोलायेव्ना," कर्नल जवळ येऊन हळूच म्हणाला, "तारीख चुकलीय."

तिने पाहिलं. वरच्या सगळ्या नावांपुढे दोन नोव्हेंबर होती. तिने चार लिहिली होती. चार तारीख कागदावरच्या ट्रकची. एकतीस वर्षं ती चारलाच त्याच्या नावाने पॅनकेक करायची आणि शेजारणींना जेवायला बोलवायची. दोन तारखेला कोणाला संशय नको म्हणून खिडकीचा पडदासुद्धा ओढत नसे.

तिला आधी स्वतःच्या हाताचा राग आला, मग शेजारी उभ्या असलेल्या माणसाचा.

"ही चार कोणाची?"

कर्नलने पदकं सावरली.

"माझी नाही. तुम्ही घरी आणून दिलीत. पुसा."

"मलाही वरून हुकूम होता."

"मी काही विचारलं का? पुसा म्हणते!"

कर्नल वाकला. पदकं दगडावर आपटली. त्याने रुमालाने आकडा पुसला, रंग पसरला, त्याने पुन्हा पुसला. बोटं चंदेरी झाली. मग त्याने ब्रशसाठी हात पुढे केला.

"मी लिहितो बरोबर."

"नाही. तुम्ही एकदा लिहिलंत, तेवढं पुरे."

तिने ब्रश बुडवला. पण आकडा उमटेना. दोन नोव्हेंबर तिने कधी, कुठेही, साध्या चिठ्ठीवरसुद्धा लिहिली नव्हती. डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, तशी ती स्वतःवरच खेकसली, "रडतेस काय, लिही!" आणि तिने लिहिलं.