नोनटोकावरचा सूर्य

मी एक जुना शब्द आहे, मित्रांनो. एइख्त माझं नाव. तुमचा प्रहर असतो ना, तेवढाच मी. दिवसरात्र मिळून आठ. जनावराच्या मानेवर जू चढवल्यापासून ते उतरवेपर्यंतचा वेळ, त्यातून माझा जन्म झाला. तुमचं जू आणि मी एकाच मुळाचे. नातं लांबचं आहे, पण सांगायला बरं वाटतं.

आइसलँडमध्ये मला डोंगरांनी सांभाळलं. घराच्या उंबऱ्यात उभं राहायचं आणि सूर्य कुठल्या शिखरावर आलाय ते बघायचं. नोनटोकावर आला की नोन, म्हणजे दुपारचे तीन, तिसरा प्रहर संपला. पण उंबरा आपलाच हवा हं! प्रत्येक घराची शिखरं वेगळी. हाल्व्हेइग लग्न होऊन आली, तेव्हा सासूने तिला पहिल्याच दिवशी हे शिकवलं. म्हातारीला माझं भारी कौतुक होतं.

म्हातारी गेली. पुढे बर्फाने घराचं छप्पर बसलं. हाल्व्हेइग आणि तिचा नवरा ओड्डगेइर यांनी ओढ्यापलीकडे नवं घर बांधलं. भांडी नेली, गाय नेली, मलाही नेलं. शिखरं मात्र जुनीच धरली.

शरद ऋतूतली दुपार होती. शेवाळ खायला मेंढ्या समुद्रातल्या खडकावर गेल्या होत्या. त्या दिवशी नोनला भरती खडकाची वाट बुडवणार होती, त्याआधी त्यांना परत आणायचं होतं.

"निघू का गं?" ओड्डगेइरने विचारलं.

हाल्व्हेइग नव्या उंबऱ्यात आली. "पाव एइख्त तरी आहे अजून. सूर्य टोकावर कुठे आलाय? कॉफी घेऊन जा."

"तुझी कॉफी म्हणजे नुसतं काळं पाणी."

"मग रोज दोनदा कशाला मागता?"

तो हसला, बसला आणि सावकाश कॉफी प्यायला.

संध्याकाळी काही मेंढ्या पोहत किनाऱ्याला लागल्या. तो आला नाही.

दुसऱ्या दुपारी ती जुन्या घराच्या पडक्या उंबऱ्यात जाऊन उभी राहिली. सूर्य नोनटोकावर आला. ती ओढ्यापलीकडे पळत गेली, नव्या उंबऱ्यातून पाहिलं. तिथून तो अजून टोकाच्या अलीकडेच होता. कालही तिने इथूनच पाहिलं होतं.

शेजाऱ्यांनी घड्याळ आणून दिलं. काही वर्षांनी तिच्या मुलीने एकदा विचारलं, "आई, एइख्त म्हणजे काय गं?"

"काही नाही. चूल बघ."

मित्रांनो, जुना शब्द जपणार असाल, तर तो कुठे उभं राहून बोलायचा तेही जपा. नाहीतर मला खुशाल मरू द्या. त्या खाडीवर मला रोज बोलणारी ती एकटीच उरली होती. त्यानंतर ती चाळीस वर्षं जगली, आणि तिने मला एकदाही उच्चारलं नाही.